लाटेचा मुहूर्त

ज्या देशात तलाव गोठतात तेथील माणसे सुखी म्हणायची, कारण वेकसर्फिंगला, म्हणजे बोटीमागच्या लाटेवर फळीवरून स्वार व्हायला, कधी जायचे नाही हे तेथे बर्फच ठरवून टाकतो. फ्लोरिडासारख्या उबदार मुलखात मात्र बाराही महिने पाणी मोकळे असल्याने प्रत्येक महिन्यासाठी वेगळी सबब शोधावी लागते. "बाबा, कधी येता तेवढे सांगा," असे ऑर्लँडोच्या जावईबापूंनी म्हटल्यापासून बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी हेच काम चालू आहे.

खेळ तसा सौम्य आहे. बोट ताशी 16 ते 19 किलोमीटरने, म्हणजे रावपुऱ्यातल्या स्कूटरच्या बेताने चालते, तिच्यामागे उठणाऱ्या लाटेवर फळी घेऊन उभे राहायचे आणि तोल साधला की हातातली दोरीही सोडून द्यायची. बोटीचा पंखा तळाखाली दडलेला असतो, म्हणूनच इतक्या जवळ जाता येते, असे जावईबापूंनी मला धीर देण्यासाठी सांगितले. तोपर्यंत पंख्याचा विचार माझ्या मनातही आलेला नव्हता.

जून ते सप्टेंबर तेथे दुपार कलली की बहुधा विजा कडाडतात, शिवाय 1 जून ते 30 नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम, असे मी अभ्यास करून कळवले. "म्हणून तर पहाटे जायचे, वारा पडलेला असतो," हे उत्तर तयारच होते. एप्रिल-मे कोरडे आणि उबदार खरे, पण तोच ॲलिगेटरांच्या प्रणयाचा काळ. विश्वामित्रीच्या काठी जन्म काढलेल्या माणसाला मगरीचे अप्रूप नसते. पावसाळ्यात नदी चढली की मगर सोसायटीच्या फाटकाशी येते आणि वनखात्याची माणसे तिला दोराने आवळून नेईपर्यंत शेजारीपाजारी चहाचे कप घेऊन गच्चीत उभे असतात. परंतु ऐन लग्नसराईत कोणाच्याही दारी आगंतुकासारखे फळी घेऊन जाणे बरे दिसत नाही. थंडीत ॲलिगेटर सुस्तावतो, हे वाचून मी जानेवारी सुचवला, तर तेव्हा पाणी 20 अंशांखाली उतरते आणि अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख चढवावा लागतो. तो मला चढवायला किती माणसे लागतील, यावर ही आणि मुलगी फोनवर बराच वेळ हसत होत्या. तसाही उत्तरायणाचे पतंग सोडून जानेवारीत बडोद्याबाहेर कोण पडतो!

उरला पाऊस ओसरल्यानंतरचा, पाणी अजून कोमट असण्याचा काळ. पण नवरात्रात गरबा चुकवणे हिला नामंजूर, त्यापाठोपाठ दिवाळी. तेव्हा तुळशीचे लग्न लावून निघायचे, असा निकाल हिने परस्पर देऊन टाकला.

तिकिटे काढण्यापूर्वी जावईबापूंनी सहज माझे वजन विचारले. लाट मोठी उठावी म्हणून बोटीत शेकडो किलो पाणी भरून ती एका कुशीवर कलती ठेवतात आणि भारदस्त पाहुणे असले तर त्यांनाही त्याच बाजूला बसवून ठेवतात, असे त्यांच्या बोलण्यात आले. मी आकडा जरा वाढवूनच सांगितला.