काउंटरवरच्या पोराला कसलं काढता?

आज सकाळी स्वारगेटला चहा घेताना आमच्याच लॉजच्या धंद्यातले एक जण म्हणाले, "फसवा मेल उघडला म्हणून कालच रात्रपाळीच्या पोराला घरी बसवलं." अर्धा चहा तसाच टाकून निघालो. डोकं अजून तापलेलंच आहे.

अहो, मेल उघडायला त्याला सांगतं कोण? आपणच ना? "तक्रारीला लगेच उत्तर दे, रेटिंग पडलं तर बघ!"

गेल्या वर्षी आमच्या लॉजवर हेच झालं. रात्री साडेदहाला मेल. बुकिंगच्या साइटचा लोगो, निळं बटण, गिऱ्हाइकाची तक्रार: १०४ नंबरच्या गादीत ढेकूण, चोवीस तासांत उत्तर द्या, नाहीतर लिस्टिंग बंद. पोरगा आधी वर गेला, बॅटरी मारून गादीच्या शिवणी पाहिल्या, मग खाली येऊन बटण दाबलं. एक पान उघडलं: 'तुम्ही रोबो नाही हे दाखवा. विंडोज आणि आर दाबा, कंट्रोल व्ही, एंटर.' त्याने दाबलं. त्या पानाने गुपचूप कॉपी करून ठेवलेली चोरांची कमांड आमच्याच कॉम्प्युटरवर चालली. झालं, ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले सगळे पासवर्ड गेले.

बुकिंग डॉट कॉमच्या नावाने हॉटेलांना असे मेल डिसेंबर २०२४ पासून जात होते, हे मायक्रोसॉफ्टने मार्च २०२५ मध्ये सांगितलं. मला ते कळलं सगळं होऊन गेल्यावर.

चौथ्या दिवशी नागपूरचं जोडपं काउंटरवर उभं. "तुमच्याच अकाउंटवरून मेसेज आला, कार्ड पुन्हा भरा म्हणून." नाव, तारखा सगळं बरोबर. अठरा हजार गेले होते. मी सगळ्यांदेखत पोरावर ओरडलो. तो एवढंच म्हणाला, "शेठ, गादी मी बघितली होती."

ते वाक्य आजही टोचतं.

हो, कुठलंही पान अशी बटणं दाबायला लावतं तेव्हा थांबायला हवं, मान्य. पण हे त्याला कुणी शिकवलं होतं? सहा जणांत एकच पासवर्ड, तोही मॉनिटरला चिकटवलेला. चिकटवला मीच होता.

आता मेलमधून साइट उघडायचीच नाही. आपल्या बुकमार्कवरून जायचं, तक्रार खरी असेल तर तिथे दिसतेच. प्रत्येकाचं लॉगिन वेगळं, ओटीपी ज्याचा त्याच्या फोनवर. पैसे गेले तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला लगेच फोन करायचा, उशीर झाला की ते दहा खात्यांत पांगतात.

आमचा पोरगा अजून आमच्याकडेच आहे. परवा रात्री दोनला त्याचा फोन, "शेठ, परत ढेकणाचा मेल आलाय. साइटवर काहीच नाही."

सकाळचे गृहस्थ हे वाचत असतील तर त्या पोराचा पगार अडवू नका. आणि त्याला माझा नंबर द्या. रात्रपाळीला एक जागा आहे माझ्याकडे.