कोर्टात जाताना डबा न्या

शेजाऱ्याने धुरा, म्हणजे शेताचा बांध, कोरला म्हणून दावा लावायला निघालात? शाब्बास. हातभर वावरासाठी वीस वर्षं तालुक्याला चकरा मारायची ज्याची तयारी, तोच खरा कास्तकार.

न्यायाधीशांची फार चिंता करू नका, ते दोन-तीन वर्षांत बदलून जातात. ओळख ठेवायची ती बाबूंशी. आमच्या तालुक्याच्या कोर्टात दिवाणीचं टेबल एकच कनिष्ठ लिपिक सांभाळतो. नकलेचा चार्जही त्याच्याकडे, आणि बेलीफांवर देखरेख करणारा नाझर रिटायर झाल्यापासून त्याचाही. नकलेचा अर्ज पुढे केला की तो मान वर न करता म्हणतो, "काका, नकलेचं जेवणानंतर." माणूस तोच, खुर्ची तीच, मध्ये फक्त जेवण. त्याच्यावर चिडू नका. जागा काही त्यानं रिकाम्या ठेवलेल्या नाहीत.

समन्सची घाई तर मुळीच नको. समन्स पोचवणारा बेलीफ एसटीने येतो आणि त्याच्या आधी त्याची बातमी येते. तेवढ्यात प्रतिवादी लेकीच्या गावाला निघून जातो. कायद्यात यावर तोड आहे: माणूस सापडला नाही तर समन्स दाराला चिकटवायचं. आमच्या शेजाऱ्याच्या दाराला बेलीफाने कणकेच्या खळीने ते नीट चिकटवलं. अंगणातल्या बकरीने खळीसकट संपवलं. रिपोर्टात आलं, 'दारास चिकटविले'. खोटं नव्हतं. शेजारी कोर्टात म्हणाला, मले कागदच नाही भेटला. तेही खोटं नव्हतं. पुढची तारीख.

तारखेला अकराच्या आत पोचा. व्हरांड्यातल्या बोर्डावर तुमचा नंबर ४३. म्हणजे दुपार झालीच, असं समजून चहाला गेलात की शिपाई नेमका तेव्हाच दारात येऊन तुमच्या नावाचा पुकारा करतो. बापाच्या नावासकट, तीनदा. म्हणून डबा न्या आणि पायरी सोडू नका.

दिवाणी प्रक्रिया संहितेत लिहिलंय की एका पक्षकाराला सुनावणीत तीनपेक्षा जास्त तहकुबी देऊ नयेत. हे वाचून हुरळू नका. साहेब रजेवर, वकील जिल्ह्याला, प्रकरणाच्या कागदांचा बस्ता सापडत नाही, याला आमच्याकडे तहकुबी म्हणत नाहीत. नुसती तारीख म्हणतात.

बरं, आता सगळं मोबाईलवर आलंय. ई-कोर्ट्सच्या तिसऱ्या टप्प्याला केंद्राने २०२३ मध्ये ७,२१० कोटी रुपये मंजूर केले. दाव्याला १६ अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर मिळतो, तो टाकला की निंदण चालू असताना धुऱ्यावर बसून पुढची तारीख पाहता येते. त्याच धुऱ्यावर. राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिडवर तर जिल्हा आणि तालुका न्यायालयांतली ४ कोटींहून जास्त प्रलंबित प्रकरणं मोजून ठेवलेली आहेत. मोजायचं यंत्र आलं. रॅकच्या वरच्या फळीवरचा लाल फडक्यातला बस्ता काढून देणारं अजून यायचंय. तोवर चार्जवाले बाबू स्टुलावर चढतात, आणि स्टूल आपण धरायचा.

शेवटचं, आणि हे मनावर घ्याच. सीएनआर नंबर आत्ताच पोराकडून पाठ करून घ्या. वादी मेला तर वारसांची नावं ९० दिवसांत लावावी लागतात. तेरवी आटोपेपर्यंत त्यातले ७७ उरतात. तेवढ्यात मृत्यूचा दाखला, वकिलाची सही आणि बाबूंचं जेवण आटोपल्याची वेळ, हे तिन्ही जुळवायचं काम पोराचं.