जेपीच्या सहीवर पुण्यातला फ्लॅट विकता येत नाही

सिडनीतल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: “नोटरीला पैसे कशाला घालता? लायब्ररीत जेपी फुकट बसतो. घरून सह्या करून न्या, तो मजकूर तपासून शिक्का मारतो. भारतातल्या सगळ्या कामांना चालतं.”

जेपी म्हणजे जस्टिस ऑफ द पीस: सह्यांना साक्ष देणारा आणि प्रती प्रमाणित करणारा, सरकारने नेमलेला माणूस. फुकट, हे खरं. सिडनी ज्या राज्यात आहे त्या न्यू साऊथ वेल्समधल्या जेपीला फी घेता येत नाही, भेटवस्तूही नाही. मिठाईचा डबा नेऊन त्याला अडचणीत टाकू नका. बाकीचा मेसेज मात्र लोकांची कामं अडकवणारा आहे.

“घरून सह्या करून न्या.” नका नेऊ. स्टॅच्युटरी डिक्लरेशन (कायद्यानुसार केलेलं लेखी निवेदन) किंवा ॲफिडेव्हिटवरची (प्रतिज्ञापत्रावरची) सही जेपीच्या देखतच व्हावी लागते, कारण ती तुम्हीच केलीत याचाच तो साक्षीदार असतो. त्याला तुमचा चेहरा दिसला पाहिजे. शिवाय तो तुम्हाला किमान १२ महिने ओळखत असावा, नाहीतर ओळखपत्र दाखवा. रिकाम्या जागा आधी भरा किंवा रेघ मारून बंद करा. खाडाखोडीशेजारी दोघांच्या छोट्या सह्या हव्यात. व्हिडिओ कॉलवर सही होताना जेपी प्रत्यक्ष पाहत असेल तर कायद्याला चालतं, पण त्यासाठी जेपीची तयारी हवी. सही केलेल्या कागदाचा फोटो पाठवून भागत नाही. शेवटी त्याचा नोंदणी क्रमांक लिहिलाय ना, ते तिथेच पाहून घ्या.

“मजकूर तपासतो.” तपासत नाही. कोणता फॉर्म घ्यावा, काय लिहावं, हा कायदेशीर सल्ला त्याने द्यायचाच नसतो. राज्याचा आणि ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारचा डिक्लरेशन फॉर्म वेगळा असतो. कुठला हवा ते कागद मागणाऱ्या ऑफिसलाच विचारा. जाणूनबुजून खोटं लिहिलं तर कैद होऊ शकते, आणि ती लिहिणाऱ्याला.

झेरॉक्स खरी प्रत म्हणून प्रमाणित करायची तर मूळ कागद सोबत हवाच. झेरॉक्सची झेरॉक्स चालत नाही. मराठी दाखल्याचं भाषांतर बरोबर आहे, असं जेपी लिहून देऊ शकत नाही. त्यासाठी नाटी-प्रमाणित भाषांतरकार लागतो (नाटी म्हणजे ऑस्ट्रेलियातली भाषांतरकारांना प्रमाणित करणारी संस्था).

इथल्याही सगळ्या कागदांना जेपी पुरत नाही. आईवडील इथे स्थायिक असतील तर हे लक्षात ठेवा: या राज्यातल्या एन्ड्युअरिंग पॉवर ऑफ ॲटर्नीवर (देणाऱ्याची मानसिक क्षमता गेल्यावरही लागू राहणाऱ्या कुलमुखत्यारपत्रावर) निव्वळ जेपी म्हणून त्याची साक्ष चालत नाही, सॉलिसिटर (वकील) वगैरे लागतो.

आता “भारतातल्या सगळ्या कामांना”. सगळ्यात महागात पडणारं वाक्य हेच. पुण्यातला फ्लॅट विकायला भावाच्या नावाने कुलमुखत्यारपत्र करायचंय, असं धरा. त्या जोरावर भाऊ दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदवायला जाणार. भारताच्या १९०८च्या नोंदणी कायद्याच्या कलम ३३ नुसार परदेशात राहणाऱ्याचं असं पत्र नोटरी पब्लिक (इथला पब्लिक नोटरी), न्यायालय, न्यायाधीश, मॅजिस्ट्रेट, भारतीय कॉन्सल (वाणिज्य दूत) किंवा केंद्र सरकारचा प्रतिनिधी यांच्यापैकी कुणासमोर तरी झालेलं आणि त्यांनी प्रमाणित केलेलं लागतं. या यादीत जेपी नाही. जेपीच्या सहीवर नंतर अपॉस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून सही-शिक्का खरा असल्याचं सरकारी प्रमाणपत्र) घेऊ म्हणाल, तर ऑस्ट्रेलियाचं परराष्ट्र खातं ते पब्लिक नोटरीच्या सहीवर देतं, जेपीच्या नाही. म्हणजे वाटा दोनच: भारतीय वाणिज्य दूतावास, किंवा पब्लिक नोटरी आणि वर अपॉस्टिल. कुठली चालेल ते पुण्यातल्या वकिलाकडून आधी विचारून घ्या. पत्र महाराष्ट्रात पोचल्यापासून ३ महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं, म्हणून पाकिटावरची पोच-तारीख भावाला जपून ठेवायला सांगा.