चित्रामागचं नाव

अभ्यासिकेतल्या बाईंनी पेटी उघडली आणि काळ्या कागदावरचं एक फूल माझ्यासमोर ठेवलं. पहिल्या नजरेला ते रंगवलेलंच वाटलं. वाकून, डोळे वीतभर अंतरावर नेले तेव्हा उमगलं की हे सगळं कागद कापून चिकटवलेलं आहे. एकेका पाकळीत गुलाबीच्या चार-पाच छटा, प्रत्येक छटेचा वेगळा तुकडा. देठावरची लवसुद्धा केसाएवढ्या बारीक कागदी पट्ट्यांची. खाली कोपऱ्यात करणारीची आद्याक्षरं, एम. डी., आणि मागच्या बाजूला झाडाचं नाव, ते कुठून आलं ती जागा, तारीख.

एम. डी. म्हणजे अठराव्या शतकातली मेरी डिलेनी. वयाच्या बहात्तराव्या वर्षी तिने हे काम हाती घेतलं आणि दृष्टी अधू होईपर्यंत, दहा वर्षांत, जवळजवळ एक हजार फुलं केली. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत आणि आधी वेळ ठरवली तर कोणालाही बघता येतात, फुकट. मी कोणी संशोधक नाही. हिशेबतपासणीवर माझं पोट चालतं, इथे लंडनमध्ये, गेली अठरा वर्षं. तरी त्या बाईंनी माझ्यासाठी पेटी काढली आणि तासभर काही न विचारता मला बसू दिलं.

तिथे जायचं कारण म्हणजे २०२४ च्या उन्हाळ्यात टेट ब्रिटन या लंडनमधल्या कलासंग्रहालयात पाहिलेलं एक प्रदर्शन. १५२० ते १९२० या चारशे वर्षांत ब्रिटनमध्ये ज्या बायकांनी चित्रकला हा व्यवसाय म्हणून केला, त्यांतल्या शंभरावर जणींची चित्रं एकत्र मांडली होती. त्यांतली पुष्कळशी वेगवेगळ्या सार्वजनिक संग्रहांतून आलेली, म्हणजे लोकांच्याच मालकीची, लोकांनी क्वचितच पाहिलेली. मी फोटो काढले आणि पुण्या-मुंबईतल्या माझ्या मैत्रिणींना आणि मावस-चुलत भावंडांना पाठवले. सोबत लिहिलं, आपल्या संग्रहालयांतली बायकांची चित्रंही अशीच शोधून, नावानिशी मांडायला हवीत. मग जो वाद पेटला तो आठवडाभर विझला नाही. हा लेख त्या वादाचंच उत्तर आहे.

तीन मुद्दे आले. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेला माझा एक मावसभाऊ म्हणाला, कलेला बाई-पुरुष नसतं, चांगलं चित्र चांगलं असतं, बायकांचा वेगळा डबा कशाला जोडायचा? एक मैत्रीण सरकारी नोकरीत आहे. तिचं म्हणणं असं, की आपल्या संग्रहालयांची छपरं गळतात, चित्रांना बुरशी येते, तिथे ही चैन परवडणारी नाही. आणि तिसरं, नेहमीचं: तिकडे बसून इकडच्यांना शिकवू नका.

मावसभावाचं म्हणणं मी सहज बाजूला सारत नाही. वेगळ्या दालनात बसवलेली माणसं वेगळीच राहतात, ही भीती खरी आहे. पण चित्र चांगलं की वाईट हे ठरवायला ते आधी भिंतीवर यावं लागतं. रॉयल अकादमी या इथल्या कलावंतांच्या संस्थेची स्थापना १७६८ ची. संस्थापक सदस्यांत दोन बायका होत्या, अँजेलिका कॉफमन आणि मेरी मोझर. त्यानंतर थोड्याच वर्षांत चित्रकार योहान झोफनीने अकादमीच्या सदस्यांचं एक समूहचित्र काढलं. प्रसंग आहे नग्न पुरुष मॉडेल समोर बसवण्याचा. बायकांनी तिथे उभं राहणं अशिष्ट, म्हणून त्या दोघींची नुसती व्यक्तिचित्रं मागच्या भिंतीवर टांगलेली दाखवली. संस्थापक होत्या, पण भिंतीवर. त्यानंतर पूर्ण सदस्य म्हणून निवडून आलेली पहिली बाई लॉरा नाइट, साल १९३६. मधल्या काळात एलिझाबेथ टॉमसनने युद्धाचं असं एक चित्र काढलं होतं की १८७४ च्या प्रदर्शनात गर्दी आवरायला पोलीस उभा करावा लागला. तिला १८७९ साली सहसदस्यत्व मिळणार होतं, दोन मतांनी हुकलं. यात चित्राच्या चांगल्या-वाईटाचा कुठे संबंध आला?

याच अकादमीने सुरुवातीच्या काळातच एक नियम केला होता. सुईकाम, कृत्रिम फुलं, कापलेला कागद, शिंपल्यांचं काम, असलं काही प्रदर्शनात घ्यायचं नाही. डिलेनीची फुलं त्या दारातून आत जाऊच शकली नसती. हे वाचलं तेव्हा मला घरच्या गोधड्या आठवल्या. नऊवारीच्या चौकोनांना धावदोरा घालून, कडेने रंग जुळवत आणत, मधे एखादा लाल तुकडा हेतूने ठेवून शिवलेल्या. तो लाल तुकडा नेमका तिथेच का, हे शिवणारीला विचारलं असतं तर तिने नीट सांगितलं असतं.

आणि वारली चित्रं. लग्नाचा चौक काढणं हे तिथे सुवासिनींचं काम, आणि तो पूर्ण होत असताना गाणं म्हणणारी धवलेरी ही बाईच. १९७० च्या दशकात ही चित्रं झोपडीच्या भिंतीवरून कागदावर आली, विकली जाऊ लागली, आणि नाव झालं ते प्रामुख्याने पुरुषांचं. जिव्या सोमा मशे फार मोठे कलावंत होते, २०११ चा पद्मश्री त्यांना मिळाला तो योग्यच होता. त्यांच्या मोठेपणातून मला काही वजा करायचं नाही. पण ज्या बायकांच्या हातांनी ही रेषा पिढ्यान्‌पिढ्या जिवंत ठेवली, त्यांच्यातल्या पाच जणींची नावं तरी आपल्याला सांगता येतील का?

पुण्यातलं राजा केळकर संग्रहालय मला फार प्रिय आहे. डॉ. दि. गं. केळकरांनी एकेक दिवा, अडकित्ता, भरतकाम घरोघरी फिरून जमवलं. २०,००० वर वस्तू आहेत, त्यांतल्या अडीच हजारांच्या आसपास मांडलेल्या. केळकर ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत. त्या दालनांतून फिरताना मला तो शब्द भरतकाम करणाऱ्या बायकांनाच जास्त लागू पडतो असं वाटतं.

आता माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट, जी इथल्या कोणाच्या लेखनात मला सापडली नाही, कारण ती आपल्याकडची आहे. आपल्याकडे लग्नात मुलीचं आडनाव बदलतंच, पण परवापरवापर्यंत तिचं पाळण्यातलं नावही बदलत असे. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्याने अंगठीने नवं नाव लिहायचं, की जुनी बाई कागदोपत्री संपली. १८८८ साली स्थापन झालेली बॉम्बे आर्ट सोसायटी प्रदर्शनं भरवत आली आहे. समजा एका मुलीला तिथे विसाव्या वर्षी माहेरच्या नावाने बक्षीस मिळालं, आणि तिचं चित्र पुढे कुठल्याशा संग्रहालयाला सासरच्या नावाने गेलं, तर या दोन बाया एकच हे कोणाला कळणार? इथेही टॉमसन लग्नानंतर लेडी बटलर झाली, पण निदान एलिझाबेथ तरी राहिली. आपल्याकडे चित्रकार देवयानी जाधव यांना आपण देवयानी कृष्ण म्हणून ओळखतो, म्हणजे धागा शाबूत आहे. जिचं पहिलं नावही पुसलं गेलं तिच्यामागे कुठला धागा धरून जायचं?

हे मला सुचलं ते एका जिन्यात. दोन वर्षांपूर्वी सुट्टीत मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका छोट्या सार्वजनिक संग्रहालयात गेले होते. नाव लिहीत नाही, कारण तिथली माणसं भली आहेत आणि दोष त्यांचा एकट्यांचा नाही. जिन्याच्या वळणावर नदीच्या घाटाचं एक जलरंगचित्र होतं. पायऱ्यांवर वाळत घातलेली लुगडी, त्यांच्या ओलीने दगडाचा रंग गडद झालेला. ती ओल इतक्या अचूकपणे उतरवली होती की मी वरून दोनदा खाली आले. खालची पट्टी म्हणत होती, ‘घाट. जलरंग. चित्रकार अज्ञात.’ आणि चित्राच्या उजव्या कोपऱ्यात, बुरशीच्या डागाखाली, स्वच्छ देवनागरीत ‘कु.’ आणि पुढे मुलीचं नाव. आडनावाचं पहिलं अक्षर तेवढं शिल्लक होतं. मी तिथल्या गृहस्थांना बोलावून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाले, “ताई, नुसत्या नावावरून काय कळणार? लग्नानंतर नावसुद्धा बदललं असेल.”

त्या क्षणी राग आला होता. आता वाटतं, त्यांनी अख्ख्या प्रश्नाचं मूळच सांगितलं.

सही समोर असून न दिसणं ही काही आपलीच खासियत नाही. हॉलंडच्या जुडिथ लेस्टर या चित्रकर्तीचं एक चित्र फ्रान्स हाल्स या तिथल्याच नामवंत चित्रकाराचं म्हणून नावाजलं गेलं. १८९३ साली एका अभ्यासकाला त्यावर तिची खूण दिसली, जे. एल. ही अक्षरं आणि एक तारा. ती वारली १६६० ला. म्हणजे दोनशे तेहतीस वर्षं गेली होती. आपल्याकडे अजून तेवढा काळ गेलेला नाही, आणि मैत्रिणीच्या गळक्या छपरांना माझं हेच उत्तर आहे. अंबिका धुरंधर या जे. जे.तून पदविका घेणाऱ्या पहिल्या काही मुलींपैकी, साल १९३१. त्या २००९ पर्यंत हयात होत्या. त्यांचे वडील, चित्रकार रावबहादूर धुरंधर, आपल्या सर्वांना ठाऊक आहेत. अंबिकाबाईंची चित्रं किती जणांनी पाहिली आहेत? त्यांच्या पिढीच्या भाच्या, सुना, शेजारणी अजून बोलत्या आहेत. कोणाच्या तरी कपाटात पदविकेचा कागद आहे, लग्नपत्रिका आहे, ज्यावर दोन्ही नावं आहेत. छपरासाठी निधी पुढच्या वर्षीही येऊ शकेल, त्या आजी पुढच्या वर्षी असतीलच असं नाही. शिवाय ही दोन कामं वेगळी आहेत कुठे? नाव वाचायला चित्र भिंतीवरून उतरवलं की मागची ओल दिसतेच.

राहता राहिला तिसरा आक्षेप. इथलं सगळं उत्तम चाललंय असं मी मुळीच म्हणत नाही. लंडनच्या नॅशनल गॅलरीने २०१८ साली आर्तेमिसिया जेंतिलेस्की या इटालियन चित्रकर्तीचं आत्मचित्र ३६ लाख पौंडांना घेतलं, तेव्हा तिथल्या २,३०० हून अधिक चित्रांत बायकांची मोजून वीस-एकवीस होती. टेटचं ते प्रदर्शनही ऑक्टोबरात उतरलं, चित्रं जिथून आली तिथे परत गेली, त्यांतली काही पुन्हा तळघरात. पाच महिन्यांचा सोहळा करून विसरून जायचं, हे इथून उचलण्यासारखं नाहीच.

उचलण्यासारखी गोष्ट दुसरीच आहे आणि तिचा फारसा गाजावाजा होत नाही. २००३ पासून इथल्या एका धर्मादाय संस्थेने देशभरच्या सार्वजनिक मालकीच्या तैलचित्रांचे फोटो काढायला घेतले. संग्रहालयं तर झालीच, पण इस्पितळं, नगरपालिका, अग्निशमन केंद्रंसुद्धा. दोन लाखांवर चित्रं झाली, ज्यांतली पाचांतली चार एरवी कोणाला दिसत नाहीत. आज ती ‘आर्ट यूके’ या नावाने सगळ्यांसाठी खुली आहेत, आणि कर्ता अज्ञात असलेल्या कित्येक चित्रांबाबत सामान्य माणसांनीही पुरावे लिहून पाठवले आहेत. जेव्हा कोणी प्रदर्शन भरवायला उठतं, तेव्हा हातात ही यादी असते.

याला परदेशी तंत्र लागतं असंही नाही. संग्रहालयांच्या नोंदींसाठी ‘जतन’ ही संगणक प्रणाली पुण्यातच, सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेत तयार झाली आणि केंद्र सरकारच्या मोठ्या संग्रहालयांपासून तिचा वापर सुरू झाला. ती जिल्ह्याच्या, गावच्या, संस्थानी संग्रहालयांपर्यंत पोचवा, आणि तिच्यात एक रकाना वाढवा: पूर्वीचं नाव. माझ्या धंद्यात मालाचा साठा मोजताना आम्ही नोंदवही आणि फळी यांचा मेळ घालतो. नोंदीत नाही आणि फळीवर आहे, असा माल निघाला की तो कोणाचा हे शोधल्याशिवाय सही करता येत नाही. मला चित्रांच्या बाबतीत यापेक्षा जास्त काही मागायचं नाही.

मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या पायऱ्या चढताना मावसभावाला मी एवढंच सांगेन, की कावसजी जहांगीर हॉलचं हे संग्रहालय व्हावं म्हणून जी मंडळी वर्षानुवर्षं झगडली त्यांत शिल्पकार पिलू पोचखानवाला आघाडीवर होत्या. १९९६ साली दार उघडलं ते पाहायला त्या नव्हत्या. वेगळ्या डब्याची भाषा त्यांच्यासमोर मी तरी करू धजणार नाही.

या डिसेंबरात मी पुन्हा त्या जिन्यात जाणार आहे. गेल्या महिन्यात त्या गृहस्थांना फोन केला, त्यांनी ओळखलं. म्हणाले, १९६० च्या आधीची दाखल नोंदवही आहे, पण पानं सुटी झालीत, सकाळी लवकर या, उजेडात बघू. घाटाचं चित्र कोणी दिलं ते त्यात लिहिलेलं असणार. देणारा नवरा असेल, भाऊ असेल. आडनाव त्याच अक्षराने सुरू होत असेल तर भाऊ.