डोंगर डोक्यावर घेऊन राहणारी माणसे

गेले वर्षभर मी एका काल्पनिक जगावर कादंबरी लिहितो आहे आणि तिच्यातले सर्वांत मोठे शहर ड्वॉर्फ लोकांचे, म्हणजे युरोपीय कथांतल्या, डोंगराखाली राहणाऱ्या कमी उंचीच्या कारागीर लोकांचे आहे. मराठीत त्यांना बुटके म्हणण्याचा प्रघात हिमगौरीच्या गोष्टीपासून पडला आहे, पण तो शब्द मी जाणीवपूर्वक टाळला. एका अख्ख्या समाजाला उंचीवरून नाव द्यावे हे मला पटत नाही, आणि कमी उंचीच्या खऱ्याखुऱ्या माणसांना तो शब्द लहानपणापासून किती टोचत आलेला असतो, याचेही भान ठेवायला हवे.

या लोकांचे एक तयार चित्र आपल्या डोक्यात असते : लांब दाढी, हातात कुऱ्हाड, बिअरचा पेला आणि सोन्याची हाव. दाढीला आणि कुऱ्हाडीला माझी हरकत नाही. सोन्याच्या हावेला मात्र आहे, कारण उत्तर युरोपातल्या ज्या जुन्या कथांमधून हे लोक आपल्यापर्यंत आले, त्या नीट वाचल्या तर ते हावरटांपेक्षा फसवल्या गेलेल्या कारागिरांसारखे अधिक वाटतात.

तेराव्या शतकात आइसलँडच्या स्नोरी स्टुर्लुसनने लिहून ठेवलेली ब्रोक्क आणि सिंद्री या भावांची कथा घ्या. लोकी या देवाने ब्रोक्कशी स्वतःच्या डोक्याची पैज लावली की तुझ्या भावाला तीन अजोड वस्तू घडवता येणार नाहीत. सिंद्रीने भट्टीत ऐवज घातला आणि ब्रोक्कला बजावले की मी बाहेर काढेपर्यंत भाता थांबता कामा नये. एक माशी येऊन ब्रोक्कच्या हाताला चावली, पण भाता चालू राहिला. दुसऱ्या खेपेला ती मानेला दुप्पट जोराने चावली, तरीही भाता थांबला नाही. तिसऱ्या खेपेला ती दोन डोळ्यांच्या मधे बसली आणि पापण्यांना अशी चावली की रक्त डोळ्यांत उतरून ब्रोक्कला दिसेनासे झाले, तेव्हा क्षणभरच त्याने हात उचलून तिला झटकले. त्या एका क्षणामुळे भट्टीत घडत असलेल्या, थॉर या देवासाठीच्या हातोड्याचा दांडा आखूड राहिला. तरीसुद्धा देवांनी तोच हातोडा सर्वश्रेष्ठ ठरवला आणि ब्रोक्क पैज जिंकला. मग लोकी म्हणाला, डोके तुझे, पण मानेला हात लावायचा नाही. बोललेला शब्द असा कायद्याच्या किसातून निसटून गेला आणि ब्रोक्कच्या हाती उरले ते लोकीचे ओठ शिवून टाकणे.

हातोडा थॉरकडे, भाला आणि दर नवव्या रात्री आठ कड्या प्रसवणारी सोन्याची कडी ओदिनकडे, घडी घालून पिशवीत ठेवता येणारे जहाज फ्रेयरकडे. देवांजवळ जे जे उत्तम आहे, त्यातले इतके ड्वॉर्फ लोकांच्या भट्टीतून आले आणि ते सगळे देऊन टाकलेले आहे. अंदवारी नावाच्या ड्वॉर्फजवळ सोन्याचा साठा होता हे खरे, पण त्याची कथा सुरू होते ती लोकी ते सगळे सोने, शेवटच्या अंगठीसकट, हिसकावून घेतो तिथे. आल्वीस हा ज्ञानी ड्वॉर्फ थॉरच्या मुलीशी ठरलेले लग्न करायला येतो, तेव्हा थॉर त्याला प्रश्नांत गुंतवून पहाट होईपर्यंत रोखून धरतो आणि सूर्य त्याचा घात करतो. ज्या समाजाच्या वाट्याला पिढ्यान् पिढ्या असे अनुभव आले, तो बाहेरच्याशी व्यवहार करताना प्रत्येक शब्द मोजून घेणार आणि प्रत्येक देणे लिहून ठेवणार. बाहेरच्यांनी त्याला हाव म्हटले. मला ती आठवण वाटते.

पण माझ्या शहराचा पाया मला सापडला तो स्नोरीच्याच एका छोट्या तपशिलात. देवांनी राक्षसाच्या कवटीचे आकाश केले आणि ते पेलायला चार कोपऱ्यांना चार ड्वॉर्फ उभे केले : नॉर्द्री, सुद्री, आउस्त्री आणि वेस्त्री. जगाचे छत पेलण्याचे काम ज्यांच्याकडे सोपवले, त्यांच्या संस्कृतीत सर्वांत पवित्र काय असेल? माझे उत्तर टेकू असे आहे. डोंगराच्या पोटात राहणाऱ्या माणसाच्या डोक्यावर चोवीस तास दुसऱ्या कोणाचे तरी काम उभे असते, बहुधा मरून गेलेल्या माणसाचे, आणि त्या कामावर भरवसा ठेवूनच त्याला झोपावे लागते.

हे केवळ कल्पनेतून येत नाही. जॉर्ज अग्रिकोलाचा खाणकामावरचा लॅटिन ग्रंथ 1556 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षी, प्रसिद्ध झाला. त्या काळी कठीण खडक फोडायला त्याला लाकडे पेटवून तापवत असत. अग्रिकोला लिहितो की जिथून विषारी धूर खडकाच्या शिरांतून शेजारच्या खाणीत झिरपू शकतो, तिथे आग लावायला खाण-अधिकारी परवानगी देत नसे. मी हे वाचले आणि बराच वेळ पुढे गेलोच नाही. जमिनीवर शेजाऱ्याचा आणि आपला संबंध बांधापुरता असतो, जमिनीखाली तो श्वासापर्यंत जातो. म्हणून माझ्या ड्वॉर्फ लोकांचा पहिला कायदा हवेचा आहे आणि सोन्याचा कायदा त्यानंतर बराच उशिरा येतो. त्यांच्याकडे चोराला माफी मिळू शकते, परंतु कच्चा खांब पक्का आहे असे सांगणाऱ्याला मिळत नाही. प्रत्येक खांबावर तो उभारणाऱ्याचे नाव कोरलेले असते आणि खांब उभा आहे तोवर त्याच्या नातवंडा-पतवंडांना त्याची जबाबदारी असते.

मृतांविषयीही मला असाच आधार मिळाला. स्वीडनमधल्या फालूनच्या तांब्याच्या खाणीत मॅट्स इस्राएल्सन हा तरुण 1677 मध्ये नाहीसा झाला. 1719 मध्ये पाण्याने भरलेल्या एका जुन्या बोगद्यात त्याचा देह सापडला. पाण्यातल्या क्षारांमुळे तो इतका टिकला होता की चेहरा ओळखू येत होता, पण ओळखणारे फारसे कोणी उरले नव्हते. अखेर त्याच्याशी लग्न ठरलेली मुलगी पुढे आली, आता म्हातारी झालेली, आणि तिने त्याला ओळखले. खडकाखालचा काळ वरच्या काळासारखा चालत नाही, हे सांगायला याहून वेगळे काही लिहावे असे मला वाटले नाही. माझ्या शहरात हरवलेल्याला मृत म्हणत नाहीत. त्याच्या नावापुढे ‘अजून आत’ असे लिहितात.

स्त्रियांविषयी मात्र मला परंपरेशी भांडावे लागले. एड्डा या उत्तर युरोपातल्या जुन्या कथा-काव्यांच्या संग्रहातील ड्वॉर्फ लोकांच्या नावांची प्रसिद्ध यादी, जिच्यातून ‘द हॉबिट’ लिहिणाऱ्या टोल्किनने थोरिन आणि गॅन्डाल्फ ही नावे उचलली, पुरुषांचीच आहे, आणि नंतरच्या लेखकांनीही त्यांच्या बायकांना बहुतेक पडद्याआडच ठेवले. मला ते चालणार नव्हते. खाणकामगार छताला पहार ठोकून आवाज ऐकतात : खडक घट्ट असेल तर आवाज खणखणीत येतो, सुटलेला असेल तर बद्द. आपण बाजारात मडके घेताना बोटाने वाजवून पाहतो, तीच परीक्षा. माझ्या शहरात हे काम पिढ्यान् पिढ्या स्त्रियांचे आहे आणि राजाच्या शब्दापेक्षा त्यांच्या कानाचा अधिकार मोठा आहे.

म्हणून कादंबरीचे पहिले प्रकरण मी सोनारांच्या गल्लीत सुरू केले आहे. पहाटे एक म्हातारी हातात पहार घेऊन निघते, दर दहा पावलांवर थांबते, छताला ठोकते, ऐकते. एका ठिकाणी ती दुसऱ्यांदा ठोकते, मग तिसऱ्यांदा. ती काही बोलत नाही, फक्त पहार जमिनीवर आडवी ठेवते. दुकानांतून माणसे बाहेर पडू लागतात, मुले कडेवर घेतलेली, कोणी काही विचारत नाही, आणि मागे भट्ट्यांवर सोने तसेच वितळत राहते.