स्टेअरिंगच्या तक्रारीवर गॅरेजमालकाचं उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू काल रात्री वाचला आणि आज सकाळी गॅरेज उघडल्या उघडल्या पोरांना उभं करून मोठ्याने वाचून दाखवला. तुमची तक्रार अशी: सहाचाकी ट्रकच्या स्टेअरिंगला प्ले होता (चाकं न वळता ते मोकळंच फिरायचं) म्हणून तुम्ही गाडी आमच्याकडे लावली. आम्ही कंपनीचं टूल न वापरता पाईपला वेल्डिंग मारलेल्या जुगाडाने स्टेअरिंगचा गिअर बॉक्स आवळला, ड्रॅग लिंकवर (बॉक्सकडून चाकांकडे जाणाऱ्या दांड्यावर) हातोड्या मारल्या आणि 1,400 रुपये घेतले. दुसऱ्या दिवशी साखरेची पोती भरून कुंभार्ली घाट उतरताना स्टेअरिंग जड लागलं आणि वळण संपल्यावर आपोआप परत येईना.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण बाकी सगळं नंतर बोलता येईल. वळणानंतर स्टेअरिंग परत येत नसेल तर कृपा करून गाडी भरू नका. चिपळूणचं भाडं चुकलं तर पुढचं मिळेल. बॉक्स गरजेपेक्षा जास्त आवळला गेला असेल तर असं होतं. किंग पिन (पुढचं चाक जिच्याभोवती वळतं ती) कोरडी पडली असेल किंवा पुढच्या टायरांत हवा कमी असेल तरीही होतं. यातलं नेमकं काय आहे ते गाडी समोर आल्याशिवाय मी सांगणार नाही. पण आमच्या हातून काम झाल्यावर ही तक्रार आली, तेव्हा पहिला संशय आमच्याच कामावर घ्यायचा.

चूक कुठे झाली तेही सांगतो. काम झाल्यावर मी स्वतः गाडी पाटण रस्त्याला 4 किलोमीटर चालवून आणली, पण रिकामी. भरलेल्या गाडीत पुढच्या एक्सलवर वजन आलं की स्टेअरिंग हाताला वेगळं लागतं. ‘पहिली भरलेली फेरी करून परत दाखवून जा’ असं तुम्हाला सांगायला हवं होतं, ते राहिलं. बिलावरही नुसतं ‘स्टेअरिंग काम’ एवढंच लिहिलं. त्यात बॉक्सचं सेटिंग होतं, 90 नंबर ऑईल होतं, ग्रीसिंग होतं. ते वेगवेगळं लिहिलं असतं तर पैसे कशाचे घेतले हा प्रश्नच आला नसता.

आता त्या जुगाडाबद्दल. तुम्हाला ते पाहून भीती वाटली, हे मी समजू शकतो. पण ती वस्तू काय आहे हे तुमच्यासारखंच इतर गाडीवाल्यांनाही कळावं म्हणून सविस्तर लिहितो.

तुमच्या गाडीला पॉवर स्टेअरिंग नाही, साधा बॉक्स आहे. त्याच्या झाकणावर एक सेटिंग स्क्रू असतो आणि स्क्रूवर चेकनट, म्हणजे स्क्रू जागचा हलू नये म्हणून आवळायचा नट. चेकनट ढिला करायचा, स्क्रू थोडा आत फिरवायचा, की आतला सेक्टर शाफ्ट (चाकांकडे वळण पोचवणारा दातेरी दांडा) बॉक्समधल्या मोठ्या नटाच्या दातांना जवळ येतो आणि प्ले कमी होतो. ऐकायला सोपं आहे. अडचण पुढे येते. स्क्रू बरोबर जागी आणून ठेवला आणि चेकनट आवळायला गेलं, की नटाबरोबर स्क्रूही फिरतो. एका हाताने स्क्रू ड्रायव्हर धरून ठेवायचा आणि दुसऱ्या हाताने रिंग पाना मारायचा, तर तुमच्या गाडीत बॉक्स आणि इंजिनच्या मध्ये जेमतेम चार बोटं जागा आहे. दोन्ही हात जातच नाहीत. मग मेकॅनिक अंदाजाने स्क्रू थोडा मागे ठेवतो आणि नटाबरोबर तो पुढे येईल अशी आशा करतो. असं ‘अंदाजाने’ आवळलेलं स्टेअरिंग घेऊन आलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. दुसरा मार्ग म्हणजे ड्रॉप आर्म (बॉक्सला लागून ड्रॅग लिंक हलवणारा दांडा) पुलरने काढून अख्खा बॉक्स खाली घ्यायचा. त्यात तुमचा दिवस गेला असता.

म्हणून मी ते टूल बनवलं. जुना पाईप पाना घेतला, जागेत बसेल एवढा कापला आणि त्याला आडवा दांडा वेल्ड केला. तो चेकनट धरतो. त्याच्या पोटातून लांब स्क्रू ड्रायव्हरचं पातं जातं, मूठ कापून वर छोटी आडवी पट्टी लावलेलं. ते पातं स्क्रूच्या खाचेत बसतं. पट्टीच्या एका टोकाला कानशीने खूण केली आहे आणि पाईपच्या काठावर आठ खुणा. स्क्रू किती फिरला ते त्या खुणांवर दिसतं, आणि चेकनट आवळताना पट्टी जागची हलली तर तेही लगेच दिसतं. तुमच्या गाडीत स्क्रू एक खूण आणि वर थोडा, एवढाच फिरला आहे. ज्या गोष्टीची तुम्हाला भीती वाटली, तीच टाळायला हे टूल केलेलं आहे.

आणि एक फरक लक्षात घ्या. वेल्डिंग टूलला आहे, गाडीला नाही. स्टेअरिंगच्या कुठल्याही पार्टला आम्ही वेल्डिंग लावत नाही, गरम करून सरळ करत नाही. ड्रॅग लिंक, टाय रॉड (पुढची दोन्ही चाकं जोडणारा दांडा), ड्रॉप आर्म यांपैकी वाकलेलं किंवा तडा गेलेलं काही आलं तर ते बदलायचंच. गिऱ्हाईक नाराज झालं तरी चालेल. बॉल जॉइंटचे (दांड्यांच्या टोकाच्या गोळीच्या सांध्याचे) नट आम्ही टॉर्क पान्याने ठरलेल्या जोराने आवळतो आणि नट सुटू नये म्हणून लागणारी स्प्लिट पिन दरवेळी नवी टाकतो. तुमच्याही गाडीत नवी टाकली आहे, वाकून पाहिलीत तर दिसेल.

हातोडीचं म्हणाल, तर बॉल जॉइंटची पिन टेपरमध्ये, म्हणजे निमुळत्या भोकात, घट्ट बसलेली असते. नट ढिला करून ड्रॉप आर्मच्या डोळ्याला बाजूने ठोकलं की टेपर सुटतो. आटे असलेल्या टोकावर आम्ही मारत नाही. लिंक सोडवली कारण ती जोडलेली असताना बॉक्सचा प्ले वेगळा कळत नाही. लिंक सोडल्यावर स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून फेरे मोजले आणि बरोबर मधोमध आणलं. सेटिंग तिथेच करायचं असतं. गाडी बहुतेक वेळ सरळ चालते, त्यामुळे मधले दात जास्त झिजतात. चाकं वळलेली असताना सेटिंग केलं तर सरळ चालताना बॉक्स अडकतो.

आता एक गोष्ट जी तुमच्या रिव्ह्यूत आली नाही. गाडी आली तेव्हा स्टेअरिंगवर खडूने खूण करून मोजलं, 8 इंच प्ले होता. काम झाल्यावर 3 इंच. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधल्या 98व्या नियमाप्रमाणे स्टेअरिंगचा प्ले 30 अंशांपेक्षा जास्त असू नये. तुमचं स्टेअरिंग 20 इंच व्यासाचं आहे, म्हणजे सव्वापाच इंचांच्या आत. तो हिशेब बसला. पण उरलेल्या 3 इंचांतला बराचसा प्ले बॉक्सचा नाही, ड्रॅग लिंकच्या पुढच्या बॉल जॉइंटचा आहे. तुमचा ड्रायव्हर वर स्टेअरिंग हलवत होता आणि मी तुम्हाला खाली वाकून दाखवलं होतं. लिंक हलायची आणि पुढचा आर्म क्षणभर उशिराने हलायचा. रबरी टोपी फाटून आत माती गेली होती. तुम्ही म्हणालात, भाडं लागलंय, पुढच्या वेळी बघू. मग जाताना म्हणालात, ‘बॉक्सच अजून थोडा आवळा.’ मी नाही म्हणालो. बॉल जॉइंटची झीज बॉक्स आवळून जात नाही. तसं केलं असतं तर स्टेअरिंग याहून जड झालं असतं आणि खालचा सांधा तसाच ढिला राहिला असता.

तेव्हा असं करू या. गाडी रिकामी घेऊन या. उद्या किंवा परवा सकाळी आठला आलात तर दुसरं काम हातात घेण्याआधी तुमची गाडी घेतो. लिंक सोडून बॉक्स हाताने फिरवून तुमच्यासमोर बघू. मध्ये जड लागला तर स्क्रू मागे घेईन, त्याचे पैसे नाहीत. बॉक्स मोकळा निघाला तर पुढची चाकं जॅकवर उचलून किंग पिन बघू. तिला ग्रीस भरावं लागलं तर तेही आमच्याकडून. बॉल जॉइंट नवा टाकायचा तर फक्त पार्टचे पैसे द्या, दुकानाच्या बिलाप्रमाणे. मजुरी घेणार नाही. नंतर पोती भरून एक फेरी मी स्वतः केबिनमध्ये बसून येतो, पाहिजे तर कोयनानगरपर्यंत.

येताना घाटात जो ड्रायव्हर गाडीवर होता त्यालाच पाठवा. स्टेअरिंग कुठल्या वळणावर आणि कुठल्या बाजूला जड गेलं, ते त्याच्याच हाताला माहीत आहे.