बॅड बनीच्या नावावर पोरांना कॉलेज सोडायला सांगणारा तो मेसेज

कॅरिबियन समुद्रातल्या पोर्तो रिको बेटाचा रॅपर बॅड बनी याच्यावरचा एक मराठी मेसेज सध्या या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: झोपडीत उपाशी वाढलेला पोरगा, सुपरमार्केटमध्ये पिशव्या भरायचा, कॉलेजला लाथ मारली, एक गाणं नेटवर टाकलं आणि एका रात्रीत स्टार झाला. मग आपला गरीब देश सोडून अमेरिकेत गेला, तिथलं नागरिकत्व मिळवलं आणि इंग्रजीत गाऊन जग जिंकलं. खाली तात्पर्य: डिग्रीच्या नादी लागू नका. माझा भाचा बारावीला आहे. रॅप लिहितो आणि खरंच चांगलं लिहितो. त्याने हाच मेसेज ताईपुढे पुरावा म्हणून धरला आणि प्रवेशाचे फॉर्म भरणार नाही म्हणून अडून बसला. तेव्हा आता गप्प बसणं शक्य नाही.

झोपडीचं आधी उरकते. बेनितो अँतोनियो मार्तिनेस ओकासिओ हे त्याचं खरं नाव, जन्म १९९४ चा, वाढला वेगा बाहा गावात. वडील ट्रक चालवायचे, आई शाळेत शिकवायची. घर कष्टकऱ्यांचं होतं, चैनीचं नव्हतं. पण उपासमार हा मेसेज लिहिणाऱ्याने पदरचा घातलेला मसाला आहे.

कॉलेजचा मुद्दा मात्र असा सोडता येणार नाही, कारण नुकसान तोच करतोय. पदवी त्याने पूर्ण केली नाही, हे खरं. सुपरमार्केटची नोकरीही खरी. या खऱ्या गोष्टींच्याच जोरावर बाकीचं खपतंय. पण घडलं कसं ते बघा. आरेसिबोला सरकारी विद्यापीठात तो ऑडिओव्हिज्युअल कम्युनिकेशन शिकत होता. त्याच दिवसांत इकोनो नावाच्या सुपरमार्केटमध्ये गिऱ्हाइकांचं सामान पिशव्यांत भरत होता आणि उरलेल्या वेळात गाणी करून साउंडक्लाउडवर चढवत होता. त्यातलं ‘दिलेस’ हे गाणं २०१६ मध्ये संगीत निर्माता डीजे लुइयानच्या कानावर गेलं आणि तिथून पहिला करार झाला. शिक्षण सोडल्यामुळे गाणं चाललं, हा अर्थ यातून कसा काढला? हातातली नोकरी न सोडता, फुकटच्या वेबसाइटवर एकामागून एक गाणी टाकणाऱ्या मुलाची ही गोष्ट आहे.

आणि शिक्षणाबद्दल त्याला काय वाटतं, ते त्याच्या कामात दिसतं. जानेवारी २०२५ मध्ये ‘देबी तिरार मास फोतोस’ हा सतरा गाण्यांचा अल्बम आला. यूट्यूबवर त्या गाण्यांसोबत पडद्यावर पोर्तो रिकोच्या इतिहासाचा मजकूर येतो. गाणं ऐकता ऐकता माणूस आपल्या बेटाचा इतिहास वाचत जातो. तो मजकूर लिहिलाय होरेल मेलेंदेस-बादियो यांनी. ते विस्कॉन्सिन विद्यापीठात इतिहास शिकवतात. अल्बममधल्या साल्सा, म्हणजे कॅरिबियन नाचाच्या संगीतातल्या, गाण्याला वाद्यसाथ आहे राजधानी सान हुआनच्या एस्कुएला लिब्रे दे मुसिका या सरकारी संगीत शाळेत तयार झालेल्या तरुण मुलांची. आपल्या सर्वांत महत्त्वाच्या कामासाठी हा माणूस प्राध्यापकाकडे आणि संगीत शाळेतल्या मुलांकडे गेला, आणि त्याचंच नाव घेऊन तुम्ही पोरांना शाळा-कॉलेज फालतू असतं म्हणून सांगताय! हे संतापजनक आहे.

एका रात्रीत वगैरे तर मुळीच नाही. ज्या रेगेटॉन या संगीतप्रकारावर तो उभा आहे, ते जमैकाचा डेमबो ताल, पनामातली स्पॅनिश रेगे आणि न्यूयॉर्कचा रॅप यांतून घडलं. नव्वदच्या दशकात सान हुआनमध्ये या संगीताच्या कॅसेटी हातोहात फिरायच्या. १९९५ मध्ये अश्लीलतेच्या नावाखाली पोलिसांनी दुकानांवर छापे घालून त्या जप्त केल्या. तेव्हा बेनितो जेमतेम वर्षाचा होता. गरीब वस्त्यांतल्या पोरांनी पोलिसांचा मार आणि लोकांची हेटाळणी सोसून तो रस्ता आधीच केला होता.

देश सोडून अमेरिकेचं नागरिकत्व मिळवलं म्हणे! पोर्तो रिको १८९८ पासून अमेरिकेच्याच ताब्यात आहे आणि १९१७ च्या जोन्स कायद्याने तिथल्या लोकांना अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं. बेनितो जन्मापासून अमेरिकन नागरिक आहे. अन्याय आहे तो वेगळाच: बेटावर राहणाऱ्याला राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत देता येत नाही. आणि बेट त्याने सोडलंय कुठे? जुलै २०१९ मध्ये गव्हर्नर रोसेयो यांच्याविरुद्ध सान हुआनमध्ये लोक उतरले, तेव्हा बेनितो आपला दौरा थांबवून त्या गर्दीत जाऊन उभा राहिला. गव्हर्नरना राजीनामा द्यावा लागला. २०२५ च्या उन्हाळ्यात त्याने सान हुआनच्या कोलिसेओ या मोठ्या बंदिस्त स्टेडियममध्ये ओळीने तीस कार्यक्रम जाहीर केले. त्यांतले पहिले नऊ फक्त बेटावर राहणाऱ्यांसाठी राखून ठेवले, बाहेरच्यांना तिकीटच नाही. त्यानंतरच्या जागतिक दौऱ्यातून अमेरिकेची मुख्य भूमी त्याने वगळली.

राहिलं इंग्रजी. अमेरिकेतल्या लोकप्रिय अल्बमांच्या बिलबोर्ड २०० यादीत पहिल्या क्रमांकावर गेलेला पहिला संपूर्ण स्पॅनिश अल्बम त्याचाच, २०२० चा. फेब्रुवारी २०२६ मध्ये सुपर बोल या अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या मध्यंतरात, अख्खी अमेरिका टीव्हीसमोर असताना, तिथेही तो स्पॅनिशमध्येच गायला.